पडदा रंगवणारा आणि मॅप बनवणारा: जाहिरातीच्या पैशाचा हिशेब

प्रश्न साधा आहे. गेममध्ये स्वतःचा मॅप बनवणाऱ्यानं तो लोकांपर्यंत पोचवायला खिशातले पैसे घालावेत का? आणि घातले तर ते परत येतात का?

माझा पीएचडीचा विषय थोडक्यात सांगायचा तर, दुसऱ्याच्या मंचावर काम करणाऱ्या कारागिरांना प्रसिद्धी कशी मिळत गेली. त्यातलं एक प्रकरण या मॅपवाल्यांवर आहे. हा इतिहास आहे का, असं मला बरेच जण विचारतात. तीस वर्षं उलटून गेली आहेत, कोर्टाचे निकाल आहेत, करार आहेत, जुन्या फायली आहेत. आणखी काय पाहिजे? त्यामुळे आज या प्रकरणातला मुख्य धागा इथं जरा सोप्या भाषेत मांडतो.

आधी 'मॅप' म्हणजे काय ते बघू, कारण मराठीत 'नकाशा' म्हटलं की घोटाळा होतो. गेममधला मॅप म्हणजे रस्ता दाखवणारा कागद नव्हे. ते मैदान असतं. भिंती कुठं, दरवाजा कुठं, लपायला जागा कुठं, कोण कुठून येणार, जिंकायचं कसं, हे सगळं मॅप ठरवतो. गेम कंपनीचा, त्यातली बंदूक कंपनीची, धावणारा गडी कंपनीचा. मैदान मात्र कुणातरी तिऱ्हाइतानं घरी बसून बनवलेलं. मला यासाठी जवळचा मराठी शब्द 'पडदा' वाटतो. नाटकातला पडदा.

आणि पडदा म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला आनंदराव आणि बाबुराव पेंटर आठवणारच. बाबुराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. ते आणि आनंदराव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडदा उघडला की लोक टाळ्या वाजवायचे, पण तिकीट नाटक कंपनीचं, गल्ला नाटक कंपनीचा. पेंटरला ठरलेली मजुरी. मॅप बनवणाऱ्याची जागा हीच आहे. फरक इतकाच की त्याला बहुतेक वेळा मजुरीसुद्धा नाही.

आता तिकडची गोष्ट. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीनं 'डूम' हा गेम काढला. त्यांनी एक हुशारी केली होती: गेमचं इंजिन आणि गेममधली मैदानं वेगवेगळ्या फायलींत ठेवली. या मैदानांच्या फायलींना 'वॅड' म्हणायचे. काही महिन्यांतच चाहत्यांनी स्वतःची एडिटर बनवली आणि शेकडो वॅड तयार झाले. ते पसरायचे कसे? विद्यापीठांच्या सर्व्हरवरून, मोडेमवर चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांवरून, आणि फ्लॉपीवरून. जाहिरात हा प्रकारच नव्हता. फाइलसोबत एक छोटी टेक्स्ट फाइल असायची, त्यात बनवणाऱ्याचं नाव आणि चार ओळी. झाली प्रसिद्धी!

पैसा आला तो तिसऱ्याच माणसाकडून. इंटरनेटवर फुकट पडलेले वॅड गोळा करून सीडीवर भरायचे आणि दुकानात विकायचे, असा धंदा १९९५ च्या सुमारास जोरात होता. सीडीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'शेकडो लेव्हल्स', दुकानात जागा, मासिकात पानभर जाहिरात. म्हणजे पैसे देऊन केलेली जाहिरात होती, पण ती सीडीवाल्याची. मॅपवाल्याला त्यातून दमडी नाही.

हा वाद कोर्टात गेला तो 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या गेमवरून. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीनं खेळाडूंनी बनवलेल्या ३०० लेव्हल्स सीडीवर घालून विकल्या. गेमचे हक्क असलेल्या फॉर्मजेननं हरकत घेतली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टानं निकाल दिला की या लेव्हल्स म्हणजे मूळ गेमच्या गोष्टीचाच पुढचा भाग, आणि तो विकायचा हक्क मूळ मालकाचा. एडिटरच्या परवान्यात तर लिहिलेलंच होतं की लेव्हल बनवा, वाटा, पण फुकट.

माझ्या प्रश्नासाठी हा निकाल फार महत्त्वाचा आहे. मॅप विकताच येत नसेल, तर जाहिरातीवर घातलेला पैसा परत यायला वाटच उरत नाही. त्या काळात 'जाहिरातीनं फायदा होतो का' याचं उत्तर द्यायला आकडेमोड लागतच नाही. फायदा झालाच तर तो नोकरीच्या रूपानं. टीमटीएनटी या चाहत्यांच्या गटानं बनवलेला लेव्हल्सचा संच फुकट सोडायच्या आधीच आयडीनं विकत घेतला आणि १९९६ मध्ये 'फायनल डूम' मध्ये घातला. म्हणजे सगळ्यात मोठी प्रसिद्धी म्हणजे मालकाची नजर पडणं. ती विकत मिळत नव्हती.

पुढचा टप्पा मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे इथं जरा जास्त वेळ घेतो.

२००२ मध्ये ब्लिझार्ड कंपनीचा 'वॉरक्राफ्ट थ्री' आला आणि २००३ मध्ये त्याची पुढची आवृत्ती, 'द फ्रोझन थ्रोन'. गेमसोबत एडिटर फुकट. आता मॅप पसरायची पद्धत बघा. तुम्ही ऑनलाइन जाऊन एक खोली उघडायची. खोलीला नाव द्यायचं, मॅप निवडायचा, आणि बसून राहायचं. यादीत ते नाव वाचून कुणी आत आला आणि त्याच्याकडे तो मॅप नसला, तर तुमच्या मशिनवरून तो आपोआप त्याच्याकडे उतरायचा. त्यासाठीच सुरुवातीला ऑनलाइन मॅपची मर्यादा ४ एमबी होती. ज्यानं एकदा खेळलं, त्याच्याकडे फाइल आली. मग तोही खोली उघडू शकायचा.

म्हणजे इथं प्रत्येक खेळाडू हाच फेरीवाला. जाहिरातीची किंमत पैशात नव्हती, वेळेत होती. रात्री दोन-दोन तास खोली उघडून बसायचं, दहापैकी सात माणसं आली की तीन निघून जायची, परत सुरुवात. नव्या मॅपची खोली भरायची नाही, कारण ओळखीची नाही. ओळखीची व्हायची नाही, कारण भरायची नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

याच यादीतून 'डोटा' उभा राहिला. २००३ मध्ये युल या टोपणनावाच्या माणसानं पहिला मॅप केला आणि पुढं सोडून दिला. मग इतरांनी त्याच्या नकला केल्या, काहींनी त्यातले चांगले भाग एकत्र करून 'डोटा ऑलस्टार्स' केला. तो गिन्सूनं चालवला, आणि २००५ पासून आइसफ्रॉगनं. दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती. जुनी फाइल चालायची नाही, म्हणून सगळे नवी उतरवायचे. माझ्या मते डोटाची खरी जाहिरात ही आवृत्त्यांची मालिका होती. लोकांना बोलायला दर महिन्याला नवीन विषय. २००५ च्या पहिल्या ब्लिझकॉनमध्ये त्याची स्पर्धा झाली, आणि २००६ मध्ये बासहंटर नावाच्या स्वीडिश गायकाचं डोटावरचं गाणं युरोपभर वाजलं. यातलं काहीच मॅपवाल्यानं विकत घेतलेलं नव्हतं.

आणि मिळालं काय? मॅपमधून काही नाही. गिन्सू रायट कंपनीत गेला, २००९ मध्ये 'लीग ऑफ लेजंड्स' आला. आइसफ्रॉगला त्याच वर्षी व्हॉल्व्हनं घेतलं, २०१३ मध्ये 'डोटा टू' आला. पैसा आला तो मॅप सोडून स्वतंत्र गेम केल्यावर. बाबुरावांचंही असंच झालं नाही का? पडदे रंगवणं थांबवून त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवला, तेव्हा कुठं गल्ला स्वतःच्या नावाचा झाला.

आपल्याकडचं चित्र याच काळात कसं होतं? कोल्हापुरात राजारामपुरीत, शाहूपुरीत, कॉलेजांच्या आसपास सायबर कॅफे होते. तासावर पैसे, लॅनवर काउंटर स्ट्राइक. तिथं मॅप कुठला लावायचा हे कॅफेवाला ठरवायचा, नाहीतर मोठ्यानं ओरडणारं टोळकं. नव्वद टक्के वेळा उत्तर एकच: डस्ट टू. हा मॅप डेव्ह जॉन्स्टन नावाच्या इंग्रज तरुणानं २००१ मध्ये केला होता, त्याचा आधीचा 'डस्ट' १९९९ चा. कोल्हापुरातल्या हजारो पोरांना त्या मॅपमधली एकेक भिंत पाठ होती. बनवणाऱ्याचं नाव मात्र मला पीएचडीला आल्यावर कळलं. प्रसिद्धी मॅपला मिळते, माणसाला मिळेलच असं नाही. जाहिरातीचा विचार करताना हे दोन वेगळे धरले पाहिजेत, आणि बहुतेक जण ते एकच धरतात.

आता तिसरा टप्पा, जिथं पैसा शिरला.

२०१० मध्ये 'स्टारक्राफ्ट टू' आला तेव्हा ब्लिझार्डनं खोल्यांची यादी काढून टाकली. त्याऐवजी लोकप्रियतेनुसार लावलेली मॅपची यादी दिली. जो मॅप जास्त खेळला जातो तो वर. वर आहे म्हणून आणखी खेळला जातो. नवीन मॅप दहाव्या पानावर, आणि दहाव्या पानावर कोण जातो? मॅपवाल्यांनी खूप आरडाओरडा केला, २०१२ मध्ये 'आर्केड' नावानं रचना बदलावी लागली. पण एक गोष्ट सगळ्या कंपन्यांना कळली: यादीतली वरची जागा ही टंचाईची वस्तू आहे. आणि टंचाईची वस्तू विकता येते.

रोब्लॉक्सनं ती विकली. तिथं मैदानं बनवणारी बहुतेक शाळा-कॉलेजातली मुलं. २०१३ पासून कमावलेले रोबक्स डॉलरमध्ये बदलून मिळू लागले. आणि आपलं मैदान 'स्पॉन्सर्ड' म्हणून पुढं आणायचं तर रोबक्समध्ये बोली लावायची.

या बोलीचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. मीही मांडेपर्यंत मला त्यातली गंमत कळली नव्हती. त्या वर्षांत १०,००० रोबक्स विकत घ्यायला जवळजवळ १०० डॉलर पडायचे. पण कमावलेले रोबक्स कंपनीला परत द्यायचे तर दर होता एका रोबक्सला ०.००३५ डॉलर. म्हणजे त्याच १०,००० चे ३५ डॉलर. आता एक नवखा पोरगा घरच्या कार्डावरून १०० डॉलरचे रोबक्स घेऊन जाहिरात करतो. ते १०० डॉलर परत यायला त्याला साधारण २८,६०० रोबक्स कमवायला पाहिजेत. मैदानात झालेल्या विक्रीतले ७० टक्के बनवणाऱ्याला मिळतात, म्हणजे खेळाडूंनी त्याच्याकडे ४०,००० हून जास्त रोबक्स खर्च करायला पाहिजेत. फक्त मुद्दल निघायला!

आणि ज्याचं मैदान आधीच चालतंय, तो काय करतो? तो कमावलेले रोबक्सच बोलीत घालतो. त्याच्यासाठी १०,००० रोबक्स म्हणजे सोडून दिलेले ३५ डॉलर. जाहिरात एकच, जागा एकच, पण नवख्याला १०० ला आणि जुन्याला ३५ ला. नव्याला वर यायला मदत म्हणून सांगितलेली सोय प्रत्यक्षात जुन्याला स्वस्त पडत होती. २०२३ मध्ये जाहिरातीची नवी व्यवस्था आली आणि बोलीची पद्धत बदलली, पण तोवर कित्येक वर्षं हा असाच हिशेब चालू होता. हा माझ्या प्रकरणातला कणा म्हणा.

फोर्टनाइटचं वळण वेगळं. २०१८ च्या डिसेंबरात 'क्रिएटिव्ह' आलं, आणि २०२३ च्या मार्चपासून एपिक कंपनी फोर्टनाइटच्या निव्वळ उत्पन्नातले ४० टक्के मैदानं बनवणाऱ्यांत वाटू लागली, लोक किती वेळ खेळले आणि परत आले का यावर. २०२५ मध्ये तिथंही पैसे देऊन वर यायची ओळ जाहीर झाली. त्या बोलीतून येणारा पैसा सुरुवातीला पूर्ण आणि नंतर निम्मा वाटपाच्या गल्ल्यातच घालायचा, असं कंपनीनं ठरवलं. म्हणजे एका मॅपवाल्यानं जाहिरातीवर घातलेला पैसा फिरून इतर मॅपवाल्यांकडे जाणार. चांगलं की वाईट? मला वाटतं, निदान प्रामाणिक आहे. पण वाटप 'किती वेळ खेळले' यावर असल्यानं त्यातला मोठा वाटा पुन्हा मोठ्यांकडेच.

व्हॉल्व्हनं २०१३ मध्ये काउंटर स्ट्राइकमध्ये उलटा मार्ग घेतला होता. 'ऑपरेशन पेबॅक' नावाखाली खेळाडूंनी बनवलेले निवडक मॅप घेतले, खेळाडूंना पास विकला आणि त्यातला हिस्सा मॅपवाल्यांना दिला. इथं मॅपवाला जाहिरातीला पैसे देत नाही, निवड झाली की त्याची जाहिरात कंपनी करते. मला हा मार्ग जास्त न्याय्य वाटतो, पण दार अरुंद. निवडले किती? मोजके. उरलेल्यांचं काय, याला त्यात उत्तर नाही.

मग पैसे घालावेत की नाही? शिवाजी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये मला एका बीएस्सीच्या पोरानं हेच विचारलं होतं. त्यानं फ्री फायर मॅक्सच्या क्राफ्टलँडमध्ये एक मैदान केलंय, आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखं, चौकाभोवती खोल्या. एका व्हिडिओवाल्यानं त्याचा कोड दाखवायला दोन हजार मागितलेत. "भावा, दोन हजार म्हणजे माझा महिन्याचा खर्च," म्हणाला. मी त्याला विचारलं, की तुझे मित्र सोडून कुणी दुसऱ्यांदा येतं का? तो गप्प बसला.

तीस वर्षांच्या कागदपत्रांतून मला एवढं नक्की दिसतं की पैशानं पहिला खेळ विकत मिळतो, दुसरा नाही. आणि पैशाचा खरा उपयोग एकाच जागी होतो, ती म्हणजे वर सांगितलेली न भरणारी खोली. ज्या मैदानाला एकाच वेळी दहा माणसं लागतात, आणि आलेली माणसं परत यायला तयार आहेत, पण एका वेळी जमत नाहीत, तिथं एका संध्याकाळी गर्दी विकत आणली तर खोली भरते आणि नंतर आपली आपण भरत राहते. एकट्यानं खेळायच्या मॅपला ही अडचणच नाही, तिथं पैसे घालणं म्हणजे पंचगंगेत पाणी ओतणं. त्यामुळे त्या पोराला मी म्हटलं, दोन हजार ठेव. आधी ओळख नसलेले वीस जण शोध, आणि त्यातले पाच परत आले तर बोलू.

इथं एक अडचण कबूल केली पाहिजे, माझी नव्हे, इतिहासाची. ज्यांनी पैसे घातले आणि बुडाले त्यांनी मागं काही ठेवलेलं नाही. मॅप काढून टाकला, खातं बंद केलं. ज्यांचं चाललं ते मुलाखती देतात आणि जाहिरात केल्यानं चाललं असं सांगतात. म्हणून यशस्वी माणसाच्या तोंडची जाहिरातीची महती मी निम्म्या भावानं घेतो.

बाबुराव पेंटरांकडे परत येतो, कारण तिथं उलटा पेच आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढल्यावर त्यांनी प्रसिद्धीला कमी लेखलं नाही. १९२१-२२ च्या सुमारासच ते चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका काढत होते, पोस्टरं स्वतःच्या हातानं रंगवत होते. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज हाती असलेल्या भारतीय सचित्र पोस्टरांत सगळ्यात जुन्यांपैकी मानलं जातं. पण त्याच हाताची, त्याच कंपनीची प्रसिद्धी असूनही १९२५ च्या 'सावकारी पाश'ला जाणकारांनी नावाजलं तेवढं सामान्य प्रेक्षकानं उचलून धरलं नाही. पौराणिक चमत्कार बघायला येणाऱ्याला पोस्टर दारापर्यंत आणतं, शेतकऱ्याचं कर्ज बघत बसायला लावत नाही. १९२९ मध्ये त्यांच्याच तालमीतल्या दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी कोल्हापुरातच प्रभात काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली.

आणि पेच असा, की त्या काळचे बहुतेक मूकपट आज बघायलाच मिळत नाहीत. जाहिरात शिल्लक आहे, माल नाही. मॅपच्या बाबतीत नेमकं उलटं: जुन्या वॅड आणि वॉरक्राफ्टच्या मॅप फायली ढिगानं सापडतात, पण त्या कुणी, कशा, किती रात्री जागून लोकांपुढं ठेवल्या याचा कागद नाही.

म्हणून एक विनंती. २००२ ते २०१० च्या दरम्यान कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडे कुणी गेमिंगचा कॅफे चालवला असेल आणि त्या मशिनची एखादी हार्ड डिस्क माळ्यावर पडून असेल, तर विकू नका, मला कळवा. मला फक्त 'मॅप्स' नावाचा फोल्डर आणि त्यातल्या फायलींच्या तारखा बघायच्या आहेत. कुठला मॅप कोल्हापुरात कधी पोचला, आणि कुणाच्या पेन ड्राइव्हवरून, हे कळायला तेवढं पुरेसं आहे.